माहीमचा कॉजवे
मिठी नदी अरबी समुद्रास मिळते, तेथे माहीमची खाडी आहे. मुंबई बेट आणि साष्टी यांमधील हा चिखलाचा व तिवरांचा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत होडीनेच ओलांडावा लागे. पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. पूल बांधण्याची मागणी जुनीच होती. मात्र खर्च उचलण्यास ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार राजी नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई पुढे आल्या. प्रथम १ लाख आणि काम अर्ध्यावर अडताच आणखी ५७ हजार रुपये त्यांनी दिले. अट एकच, प्रवाशांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये मार्ग खुला झाला. (२००९ मध्ये शेजारीच सुरू झालेल्या सागरी सेतूवर मात्र टोल आहे!)

या सोयीची दुसरी बाजूही आहे. भरावामुळे नदीचे मुख अरुंद झाले. पुढे विमानतळाची धावपट्टी व वांद्रे-कुर्ला संकुलासाठीच्या भरावाने प्रवाह अधिकच आवळला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठीचे पाणी कुर्ला, कलिना परिसरात घरांत शिरले.