पायांच्या मुंग्या : एका दुखण्याचा इतिहास



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. आजच्या माझ्या विषयात यांपैकी काही नाही. मी बोलणार आहे ते पायांच्या एका दुखण्याविषयी. दिवसभर माणूस कामात असतो तोवर हे पाय फारसे बोलत नाहीत. रात्री दिवा मालवला आणि अंथरुणावर अंग टाकले की तळपायांची आग सुरू होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, पोटरीतून वीज गेल्यासारखी कळ जाते. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पहाटे उठून पहिले पाऊल टाकावे तर पायाखाली जमीन नसून कापूस आहे असे वाटते.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. कामगार संघटनेच्या कामात केस पांढरे झालेला माणूस आहे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयांनी केले. मग हा विषय मी का घ्यावा? एवढ्यासाठी की, कामगार पगाराची, पाळीची, बोनसची तक्रार दरवाजावर उभा राहून मोठ्याने सांगतो. पायांची तक्रार मात्र सांगत नाही. विचारले तर म्हणतो, ‘वात आहे’, ‘वय झाले’, ‘उभ्याने काम करून दुखायचेच’. संघटनेच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. ज्या तक्रारीला नेमके नाव नाही, ती सुटत नाही. या दुखण्याचा इतिहासही मला असाच दिसतो. नाव नेमके होत गेले तसा उपाय सापडत गेला, आणि नाव चुकले तेथे माणसांचे पाय गेले.

आपले पूर्वज याबाबतीत आंधळे नव्हते. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वचिन्हे सांगितली आहेत. त्यांत हातापायांना बधिरता येणे आणि त्यांची आग होणे ही दोन्ही आहेत. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेही त्याच यादीत आहे. म्हणजे मूत्रातली साखर आणि पायांची आग यांची सांगड या देशात फार पूर्वी घातली गेली होती. सुश्रुतानेही वातव्याधींमध्ये पाददाह आणि पादहर्ष अशी दोन निरनिराळी नावे दिली. एक तळपायांच्या आगीचे, दुसरे झिणझिण्या आणि बधिरतेचे. पुढे आपण काय केले? ‘वात’ हा शब्द तेवढा जपला आणि त्यामागचे निरीक्षण सोडून दिले. ग्रंथातल्या वातात पुष्कळ भेद होते. आपल्या ओसरीवरच्या वातात एकही उरला नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा-बारामती रस्त्यावरचे, नीरेच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातले गाव. १८८५ च्या सुमारास या कालव्याला पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या या दुष्काळी पट्ट्यात हळूहळू ऊस शिरला. पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, मग सहकारी कारखाने निघाले. माळावर धुराडी उभी राहिली, घरोघरी साखर आली. योगायोग असा की त्याच १८८५ साली लंडनचे एक डॉक्टर, फ्रेडरिक पेव्ही, मधुमेह्यांच्या पायांविषयी बोलत होते. त्यांनी रोग्यांची गाऱ्हाणी नीट ऐकून घेतली होती. पाय बधिर आहेत, पायांना वजन बांधल्यासारखे वाटते, वीज चमकावी तशा कळा येतात, कपड्याच्या शिवणीचा स्पर्श सहन होत नाही. आणि या वेदना बहुधा रात्री वाढतात. कोऱ्हाळ्याचा शेतकरी आज जे सांगेल तेच हे शब्द! पेव्हींपाशी त्यावर खरा इलाज नव्हता. इन्सुलिन १९२१ साली कॅनडात सापडले आणि १९२२ च्या जानेवारीत पहिल्या रोग्याला टोचले गेले. पुढे १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रोग्यांवरील दीर्घ चाचणीचा निकाल आला. ही इन्सुलिनवर जगणारी माणसे होती. ज्यांनी रक्तातली साखर काटेकोर सांभाळली त्यांच्यात मज्जातंतूंची इजा सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळली.

परंतु साखर हा एकच गुन्हेगार नव्हे. दुसरा धागा आहारातून येतो. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन या डच डॉक्टरांना असे दिसले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या उभ्या राहतात. बेरीबेरीचे कोडे त्यातून सुटू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांतील अर्धपोटी कैद्यांचे तळपाय रात्री असे पेटत की ते झोप सोडून फेऱ्या मारीत आणि पाय गार पाण्यात धरून बसत. आपल्याकडे निलगिरीतल्या कुन्नूरच्या आहार संशोधन शाळेतून डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ साली गरिबांतल्या याच पाय जळण्याच्या विकारावर लेख लिहिला आणि ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाने आराम पडतो असे दाखवले. ज्याला लोक नशीब म्हणत होते ते ताटात सापडले.

तिसरा धागा आपल्या मुंबईतला आहे, आणि कामगार चळवळीच्या माणसाने तो सांगितलाच पाहिजे. १९२८ हे गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या संपाचे साल. त्याच साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ साली तो कायदा झाला. आणि त्याच साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गरोदर गिरणी कामगार बायकांना जीवघेणा पांडुरोग का होतो याचा शोध तिने परळच्या हाफकिन संस्थेत घेतला. डॉ. तळपदे यांच्यासह तिने मुंबईच्या बायकांचे खाणे आणि राहणे तपासले. यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका सुधारतात हे तिने १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. आज जगभर गरोदर बाईला ही गोळी देतात. तिच्या मुळाशी आपल्या गिरणीतल्या बायकांचे रक्त आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी.

याचा पायांशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा. पांडुरोगाचा एक जुळा भाऊ आहे. तो ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. त्यात रक्त तर जातेच, शिवाय मज्जातंतू आणि मज्जारज्जू झिजतात. आधी पायांना मुंग्या, मग बधिरता, मग अंधारात तोल जाणे. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी अशा रोग्यांना भरपूर यकृत खायला घालून वाचवले. ब-१२ शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९४८ साली. मधल्या काळात फॉलिक आम्ल नवे नवे निघाले होते, म्हणून तेच याही रोग्यांना दिले गेले. रक्त सुधारले आणि पाय मात्र बिघडत गेले! कारण कमतरता एकाची, दिले दुसरेच. नाव चुकले की काय होते याचा याहून बोलका दाखला नाही.

ही दूरची गोष्ट आहे असे समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन, वरवर निरोगी पुरुषांचे रक्त तपासले. खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग असे तिन्ही थर त्यात होते. २००६ साली निकाल छापला गेला. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही. माळकरी घराने माळ उतरवावी असे मी म्हणत नाही. माळ राहू द्या. रक्त तपासा आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्या. मात्र दूध सगळे डेअरीला घालायचे आणि घरात काळा चहा प्यायचा, हा हिशेब एकदा मांडून पाहा. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ घटू शकते; त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे, गोळी मात्र परस्पर बंद करू नये. आणि रोजची दारू हीसुद्धा पायांच्या तंतूंचा नाश करते, हे मला माझ्याच माणसांना सांगावे लागते.

हे दुखणे पायांतच का आणि रात्रीच का? पायांचे तंतू शरीरात सर्वांत लांब, कमरेपासून बोटांपर्यंत. लांबच्या शिवाराला कालव्याचे पाणी शेवटी पोचते आणि टंचाईत तेच आधी वाळते, तसे हे तंतू आधी सुकतात. दिवसा चालणे, बोलणे, यंत्राचा आवाज यांत त्यांची ओरड दबते. रात्री सगळे शांत झाले की ती ऐकू येते. पाय दुखतो म्हणजे प्रत्येक वेळी तंतूच बिघडले असेही नाही. चालताना पोटरी धरते आणि थांबले की सुटते, तो बहुधा रक्तवाहिनीचा दोष. सकाळी फक्त टाच दुखते आणि चार पावलांत मोकळी होते, ते टाचेचे दुखणे. एकाच पायात कमरेपासून कळ उतरते, ती गृध्रसी, म्हणजे सायटिका. आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न धरता करून घ्यावी. तो औषधाने बरा होतो.

दुखणे सोसताना काही नियम पाळावे लागतात. शेकण्याची आपली जुनी सवय येथे घातक आहे. गरम वीट, तापलेली वाळू, बिब्बा यांनी बधिर पाय भाजतो आणि माणसाला कळत नाही. पाणी आधी कोपराने पाहावे. रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत. दिसत नसतील तर घरातल्या पोराला दाखवावेत. उसाच्या फडात अनवाणी जाऊ नये, चपला-बूट झटकून घालावेत. पहाटे अंथरुणाच्या कडेला क्षणभर बसून, घोटे हलवून, मग उभे राहावे. झोपच लागत नसेल तर तंतूंच्या वेदनेसाठी निराळी औषधे आहेत. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या त्यावर सहसा चालत नाहीत आणि फार घेतल्या तर मूत्रपिंडाला बाधतात. पायाला जखम झाली, एकाएकी शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्यात एक म्हण आहे, दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. हे दुखणे मात्र येतानाच मुंगीच्या पावलांनी येते, म्हणून आपण त्याला दारात अडवत नाही. पहाटे तीनला उठून फडावर जाणारी ऊसतोड बाई, रात्रपाळीला यंत्रापाशी उभा राहणारा कामगार, यांना सकाळच्या वेळी दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे अशी तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात झाली. फडातल्या माणसाला त्या कलमाचा आधार कधीच मिळाला नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. गळीत हंगाम सुरू होताना प्रत्येक कारखान्याने तोडणी मजुरांसकट सर्वांची साखर आणि पायांची तपासणी करावी, गरज दिसेल त्याचे ब-१२ पाहावे, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.

गिरणीतल्या बायकांनी आपले रक्त तपासू दिले म्हणून जगाला एक औषध मिळाले. आपण निदान आपल्या पायांविषयी बोलावे. आज घरी गेल्यावर रात्री कण्हणाऱ्या आपल्या माणसाला ‘वात आहे’ असे सांगून गप्प करू नका. कुठे दुखते, कधीपासून, एका पायात की दोन्हींत, एवढे विचारा आणि त्याला घेऊन तपासणीला जा. एवढे झाले तर हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.