चिटणीस, लीला

(९ सप्टेंबर १९०९ – १४ जुलै २००३). मराठी रंगभूमीवरील आणि हिंदी-मराठी चित्रपटांतील अभिनेत्री. माहेरचे आडनाव नगरकर. जन्म धारवाड येथे. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लीलाबाई बी.ए. झाल्या. डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी विवाह, पुढे विभक्त. चार मुलगे.

रंगभूमी : नाट्यमन्वंतर या संस्थेने (स्थापना १९३३) स्त्रीभूमिका स्त्रियांनाच देऊन वास्तववादी नाटकाची वाट पाडली. या संस्थेच्या ‘उसना नवरा’ (१९३४) या विनोदी नाटकात लीलाबाईंनी काम केले. घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावणे तेव्हा शिष्टसंमत नसतानाही त्यांनी हे पाऊल उचलले. संयत, बोलीला जवळचा संवादोच्चार ही त्यांच्या पुढील अभिनयाची खूण या रंगभूमीशी नाते सांगते.

चित्रपट : वि. स. खांडेकरांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘छाया’ (१९३६) हा त्यांचा महत्त्वाचा आरंभीचा चित्रपट. ‘जंटलमन डाकू’मध्ये (१९३७) त्या पुरुषवेशात दिसल्या. त्याच्या जाहिरातीत त्यांच्या पदवीचा ठळक उल्लेख होता. त्यांना पहिल्या पदवीधर नटींपैकी एक मानतात. प्रभात या चित्रपटसंस्थेच्या ‘वहाँ’मध्येही (१९३७) त्यांची भूमिका होती.

बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत त्या अशोककुमारांच्या नायिका होत्या. तिन्ही चित्रपट लोकप्रिय झाले. पार्श्वगायनाची प्रथा अजून रुळायची होती; त्यामुळे ‘कंगन’मधील गाणी त्यांनी स्वतः गायिली.  १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय तारका समजल्या जातात.

‘शहीद’पासून (१९४८) त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या. ‘आवारा’ (१९५१), ‘गंगा जमना’ (१९६१) आणि ‘गाइड’ (१९६५) यांत त्यांनी अनुक्रमे राज कपूर, दिलीपकुमार व देव आनंद यांच्या आईची भूमिका केली.

दिग्दर्शन : ‘आज की बात’ (१९५५).

लेखन : ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१) हे आत्मचरित्र.

अखेरच्या काळात त्या अमेरिकेत मुलांकडे राहिल्या. कनेटिकट राज्यातील डॅनबरी येथे त्यांचे निधन झाले.

सोशिक आईच्या प्रतिमेने त्यांची आधीची कामगिरी झाकोळली. वस्तुतः नव्या मराठी नाटकातून आलेली, स्वतः गाणारी सुशिक्षित नायिका हिंदी बोलपटात प्रतिष्ठित करणे, हे त्यांचे अधिक मोलाचे कार्य होय.