ग्रंथ आले, भाषा मागाहून आली

स्कॉटलंडच्या उत्तरेस हायलंड्‌स नांवाचा डोंगराळ, दुर्गम प्रदेश आहे. स्कॉटलंडमधील प्रत्येक पॅरिशमध्यें, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील गांवांत, ग्रंथालय असावें, अशी योजना धर्मोपदेशक जेम्स कर्कवुड यांनीं १६९९ सालीं मांडली. १७०४ पासून ग्रंथसंग्रह हायलंड्‌सकडे रवाना होऊं लागले. परंतु लोकांची भाषा गेलिक, आणि ग्रंथ बहुतांशीं इंग्रजी व लॅटिन! १७०९ मध्यें सनद मिळालेल्या धर्मज्ञानप्रसारक मंडळीच्या शाळांतहि इंग्रजीचाच आग्रह असे. मुलें बायबल वाचीत, पण पुष्कळांना त्याचा अर्थ कळत नसे. अखेर त्याच मंडळीनें १७६७ मध्यें, किलिन येथील धर्मोपदेशक जेम्स स्टुअर्ट यांनीं केलेलें नव्या कराराचें गेलिक भाषांतर छापविलें. संपूर्ण बायबल १८०१ मध्यें पुरें झालें. ग्रंथ डोंगरांत पोंचल्यावर नवा करार वाचकांच्या भाषेंत येण्यास साठांहून अधिक वर्षें लागलीं. तोंपर्यंत पुष्कळजण अर्थावांचूनच शिकून गेले.