कळफलकाचा दुभाष्या

बोरू बोथट झाला तर तो पुन्हां तासावा, दौत आटली तर तींत शाई ओतावी, टाक मोडला तर दुसरा घ्यावा. लेखनाच्या जुन्या साधनांत बिघाड झाला म्हणजे तो कोठें झाला हें लिहिणाराच्या डोळ्यांना दिसत असे. टंकलेखनयंत्राचेंही तेंच. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांनीं १८६८ सालीं ज्याचें पेटंट घेतलें आणि रेमिंग्टन कंपनीनें जें १८७४ पासून विक्रीस आणलें, त्या यंत्राची दांडी अडकली तर ती बोटानें मोकळी करितां येई. आज घरोघर पोंचलेल्या लॅपटॉपची गोष्ट अगदीं निराळी आहे. कळ दाबली जाते, पडद्यावर मात्र अक्षर उमटत नाहीं. आणि मधल्या वाटेंत काय घडलें हें पाहण्याच्या कामीं डोळे असून नसल्यासारखे होतात.

लिनक्स या नांवाची जी खुली संगणकप्रणाली आहे, तिच्या उपयोगकर्त्यांना या संकटाचा परिचय विशेष आहे. यंत्र सुरू करतांना प्रणाली निवडण्याची यादी पुढें येते, तेथें कळा चालतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतींत येऊन बसला कीं त्याच कळा मुक्या होतात. बाहेरून दुसरा कळफलक तारेनें जोडावा तर तो बिनतक्रार चालतो. म्हणजे कळा शाबूत आहेत, प्रणालीही जिवंत आहे. तुटला आहे तो दोहोंमधील संवाद. हा संवाद चालविणाऱ्या प्रोग्रामास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आम्हांस त्याचें काम सारथ्याचें नव्हे, दुभाष्याचें वाटतें; आणि दोन दरबारांमधील दुभाष्याची चूक किती महाग पडते हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रथम या दुभाष्याची भाषा पाहूं. कळफलक अक्षरें बोलत नाहीं, अंक बोलतो. इंग्रजी ‘के’ची कळ दाबली म्हणजे कर्नलच्या कानीं ३७ हा अंक पडतो, ती सोडली म्हणजे त्यांत १२८ मिळवून १६५. हा संकेत १९८१ सालच्या आय.बी.एम. पी.सी. या यंत्रापासून चालत आला आहे. त्या कंपनीनें १९८४ सालीं पी.सी. एटी हें पुढचें यंत्र काढलें, तेव्हां कळफलकाचे अंक बदलले. परंतु जुने प्रोग्राम निकामी होऊं नयेत म्हणून इंटेलची ८०४२ ही चिप मध्यें बसवून नव्या अंकांचें जुन्या अंकांत भाषांतर करण्याचें काम तिजकडे सोंपविलें. या चिपचें एक टोंक रिकामें होतें, म्हणून एक मेगाबाइटपलीकडील स्मृतीचा दरवाजा उघडण्या-मिटण्याचें कामही तिच्याच गळ्यांत पडलें. घरांतील एका गड्यास पाणी भरतां भरतां तिजोरीवरही बसवावें, तसा हा प्रकार होता. अंक तयार झाला म्हणजे ही चिप पहिल्या क्रमांकाच्या तारेवरून मुख्य प्रोसेसरला वर्दी देई. चाळीस वर्षें लोटलीं, ती चिप स्वतंत्र रूपानें उरली नाहीं. परंतु तिची नक्कल आजच्या बहुतेक लॅपटॉपांच्या पोटांत आहे, आणि वर्दीची तार अद्यापि पहिलीच आहे. सोय म्हणून केलेला करार रूढि कसा होतो, याचें याहून बोलकें उदाहरण विरळा.

लिनसस् टॉर्वल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली, तेव्हां तींतील दुभाष्या केवळ फिन्निश मांडणीचा कळफलक जाणत होता. कर्त्याच्या मेजावर तोच होता, हें त्याचें साधें कारण. इतर देशांतील माणसानें ती प्रणाली घेतली तर त्याच्या कळा भलतींच चिन्हें उमटवीत. तथापि प्रोग्रामचा मूळ पाठ सर्वांस उघडा असल्यामुळें ज्याला अडलें त्यानें तो उघडून आपल्या देशाची मांडणी घालावी, अशी मोकळीक होती.

या मोकळिकेमागें एक जुनें दुखणें होतें, आणि तेंही ड्रायव्हरचेंच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचें एक नवें मुद्रणयंत्र आलें. त्यांत कागद अडकला तर वाट पाहत बसलेल्यांस सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांस करावयाची होती. जुन्या यंत्राच्या बाबतींत त्यांनीं ती केलीही होती. परंतु नव्याच्या प्रोग्रामचा मूळ पाठ त्यांस देण्यांत आला नाहीं. दोष ठाऊक, उपाय ठाऊक, पण हात बांधलेले! स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जी ग्नू चळवळ जाहीर केली तिच्या मुळाशीं हा अनुभव असल्याचें ते स्वतः सांगत आले आहेत. त्या चळवळीचें अनुज्ञापत्र १९८९ सालीं निघालें, व १९९२ सालीं टॉर्वल्ड्स यांनीं तें लिनक्सला लागू केलें.

पुढें लॅपटॉपांचा सुकाळ झाला आणि दुभाष्याचे हाल वाढले. प्रत्येक निर्माता उजेड, आवाज, बिनतारी जोडणी यांकरितां आपापल्या कळा घालूं लागला व त्यांना मनास येईल तो अंक देऊं लागला. कांहीं कळा दाबल्याचा अंक पाठवीत, सोडल्याचा पाठवीतच नसत. त्यामुळें कळ अखंड दाबलेलीच आहे अशी प्रणालीची समजूत होई. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तींत दुभाष्याची पुनर्रचना पुरी झाली. अनोळखी अंक आला तर कर्नल आपल्या रोजनिशींत तो नोंदवूं लागला, व कोणती आज्ञा दिली असतां तो ओळखीचा होईल हेंही तेथेंच सांगूं लागला. चमत्कारिक लॅपटॉपांची नांवनिशीवार यादीही या पाठांत वाढत गेली.

इतिहासाच्या अभ्यासकास ही यादी पाहून आनंद झाल्यावांचून राहणार नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपण शिकलों आहों. निर्मात्याचें जाहिरातपत्रक ही बखर होय. तींत यंत्राची कीर्ति असते, खोड नसते. उलट लिनक्सच्या पाठांतील प्रत्येक फेरफार तारीख, करणाराचें नांव व कारण यांसह जपलेला असतो. तो अस्सल कागद.

या कागदांतूनच आरंभीं वर्णिलेल्या मुकेपणाचा उलगडा होतो. वर्दी देण्याचे दोन प्रकार आहेत : तारेंतील विद्युद्दाब वर चढला म्हणजे वर्दी समजावयाची, किंवा खालीं उतरला म्हणजे. जुन्या करारांत पहिला प्रकार होता. आपल्या यंत्रांत कोणता आहे हें निर्माता यंत्रासोबतच्या वर्णनलेखांत नमूद करतो. या लेखांचा नमुना १९९६ सालीं ठरला, व त्यास ए.सी.पी.आय. म्हणतात. परंतु कित्येक यंत्रांतील हे लेख चुकीचे निघाल्यामुळें जुन्या क्रमांकांच्या तारांपुरता लेख बाजूस सारून मूळ करार मानावा, अशी वहिवाट लिनक्सनें पाडली होती. पुढें ए.एम.डी.च्या झेन जातीच्या प्रोसेसरांचे कांहीं नवे लॅपटॉप आले. त्यांत वर्दी खरोखरच दाब उतरल्यावर होती, आणि वर्णनलेखही तेंच खरें सांगत होता; पण लबाडांच्या संगतीनें खऱ्यावरही अविश्वास! कर्नल दाब चढण्याची वाट पाहत राहिला व कळफलक मुका झाला. रोजनिशींत मात्र एक ओळ होती : पहिल्या तारेचा संकेत बदलून ‘उच्च’ धरला आहे. ही ओळ शोधकांचा दिवा ठरली.

२०२२ सालीं नियम झाला कीं झेन प्रोसेसर असेल तर वर्णनलेखावरच विश्वास ठेवावा. तत्काळ दुसऱ्या लॅपटॉपांचे कळफलक बंद पडले, कारण त्यांचे लेख खरोखर चुकीचे होते. अपवादांची यादी, तिला पुन्हां अपवाद, असें चालतां चालतां २०२३ सालीं वाद एका तोडग्यावर आला. ए.सी.पी.आय. मध्येंच वर्दीच्या तारांची एक स्वतंत्र सारणी असते. तींत कळफलकाच्या तारेविषयीं स्पष्ट नोंद असल्यास ती प्रमाण मानावी, नसल्यास वर्णनलेख प्रमाण मानावा. दोन कागद भिन्न बोलूं लागले असतां कोणता प्रमाण, हा इतिहासकाराचा नित्याचा प्रश्न. तो येथें एका कळेपायीं सोडवावा लागला. आणि तरीही अपवादांची यादी सर्वस्वीं संपली नाहीं.

कोणी म्हणतील, आम्हां मराठी वाचकांस याचें काय? दुभाष्या अक्षर न सांगतां केवळ अंक सांगतो, आणि त्या अंकाचें अक्षर करण्याचें काम त्याच्यावरचा दुसरा थर करतो, यांतच त्याचें उत्तर आहे. भारतीय मानक १३१९४ यांत १९९१ सालीं जी ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी नमूद झाली, तींत ‘के’च्या जागीं ‘क’ आहे. म्हणून तोच ३७ हा अंक मांडणी बदलतांच ‘क’ होतो. देवनागरीसाठीं निराळा कळफलक नको, निराळा दुभाष्याही नको. पण हा दुभाष्याच मुका झाला तर इंग्रजीबरोबर मराठीही मुकी होते.

याची दुसरी बाजू लपविणें न्याय्य होणार नाहीं. बंदिस्त प्रणाली घेणाऱ्यास यांपैकीं बरेचसे कष्ट पडत नाहींत, कारण निर्माते आपलीं यंत्रें तिच्यावरच पारखून बाजारांत आणतात. शिवाय पाठ उघडा असला तरी तो वाचणारे किती? सामान्य गृहस्थाला त्यांतील अक्षरही कळावयाचें नाहीं. हा आक्षेप खरा, पण अपुरा आहे. ती नांवनिशीवार यादी केवळ पंडितांच्या बुद्धीनें तयार झालेली नाहीं. माझ्या अमुक नमुन्याच्या लॅपटॉपवर बाहेरचा कळफलक चालतो, आंतला चालत नाहीं, रोजनिशींत अमुक ओळ आहे, एवढेंच प्रामाणिकपणें लिहून पाठविणाऱ्या शेंकडों मालकांच्या साक्षींवर ती उभी आहे. उपाय कोणी एकानें लिहिला. साक्ष अनेकांनीं दिली. बंद दारापुढें साक्ष देऊन उपयोग नसतो. उघड्या दारापुढें ती कायमची नोंद होते, आणि पुढें ज्याच्या कळा मुक्या होतील त्याच्या उपयोगीं पडते. स्टॉलमन यांच्यापाशीं उपाय असून दार बंद होतें. या मालकांपाशीं उपाय नव्हता, पण दार उघडें होतें. चाळीस वर्षांच्या या इतिहासांत आम्हांस मोलाचें वाटतें तें हेंच अंतर.