रेवतीचे भांडण आणि आकाशदर्शनाची हौस

विश्रांतवाडीतल्या गच्चीवरून रेवती नक्षत्राची योगतारा, म्हणजे त्याची खुणेची तारा, दिसत नाही. मीन राशीतल्या या तारेला पाश्चात्त्य नकाशांत झीटा पिशियम म्हणतात. तिची प्रत 5.2 च्या आसपास, म्हणजे खेड्यातल्या काळोख्या अमावास्येला, डोळे अंधाराला सरावल्यावर, शेजारच्या तारांचा धागा धरून कशीबशी सापडणारी. एकीकडे लोहगावचा विमानतळ आणि दुसरीकडे आळंदी रस्त्याचे दिवे असलेल्या वस्तीत तिचे नाव काढण्यात अर्थ नाही. तरी पुण्यात हौशी आकाशदर्शनाची जी परंपरा रुजली, तिचे मूळ या मिणमिणत्या तारेवरून पेटलेल्या पंचांगाच्या वादात आहे, असे माझे म्हणणे आहे. हे ऐकून दुर्बिणीचे भक्त भुवया उंचावतील आणि पंचांगाचे विरोधक त्याहून जास्त. दोघांनाही उत्तर देता येते.

सर्वांना ठाऊक असलेला भाग आधी उरकून टाकू. 22 ऑगस्ट 1944 रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था, आणि तिचे बिऱ्हाड टिळक स्मारक मंदिरात. मुंबईत 1977 मध्ये नेहरू तारांगण झाले, हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास खगोल मंडळ उभे राहिले, 1988 मध्ये पुण्यात आयुका आली. हे सगळे खरे; पण 1944 साली महायुद्ध चालू असताना, रेशनच्या रांगांच्या दिवसांत, तारे पाहण्यासाठी संस्था काढावी असे वाटणारी माणसे आली कुठून? ती हौस आधीच कुठेतरी मुरलेली असणार.

ती जिथे मुरली ते ठिकाण विश्रांतवाडीपासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. अलिबागजवळच्या नागावचा हा माणूस ऐन तारुण्यात कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागला आणि निरीक्षणाची शिस्त तिथेच शिकला. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगे होत ती गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून. कोकणातल्या नांदगावच्या गणेशाने शके 1442 मध्ये लिहिलेला हा ग्रंथ आपल्या काळी उत्तम होता, पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साचत गेल्या आणि पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले. छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत काढली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके 1787 पासून, म्हणजे 1865 मध्ये, नवे पंचांग सुरू केले. लोक त्याला पटवर्धनी म्हणू लागले. छत्र्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत बाळ गंगाधर टिळक हेही होते.

ग्रह दुरुस्त करणे सोपे होते. ग्रहांच्या जागा देणारा इंग्रजी नॉटिकल अल्मनाक हाताशी होता. अडले ते राशिचक्राच्या आरंभाशी. आपले पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेले. पण मेषेचा शून्य अंश नेमका कुठे? संपातबिंदू, म्हणजे वसंतात दिवसरात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, दर 72 वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो, तेव्हा तो किती सरकला हे सांगायला आकाशात एखादी खूण हवी. छत्र्यांनी आणि पुढे टिळकांनी रेवतीची योगतारा धरली, कारण जुने ग्रंथ तिला चक्राच्या अगदी आरंभाशी ठेवतात. पंचांगकार व्यंकटेश बापूजी केतकरांनी समोरची बाजू घेतली: सूर्यसिद्धांत चित्रेला 180 अंशांवर ठेवतो, चित्रा पहिल्या प्रतीची ठसठशीत तारा आहे, तिच्याबद्दल कुणाची फसगत होणे शक्य नाही, तेव्हा चित्रेच्या समोरचा बिंदू तो आरंभ. दोन्ही पक्षांना एकच ग्रंथ आधार देतो, आणि तिथेच पंचाईत आहे. सूर्यसिद्धांतात रेवती 359 अंश 50 कलांवर, म्हणजे दोन तारांत जवळजवळ अर्धे वर्तुळ. आकाशात मात्र झीटा पिशियमपासून चित्रेपर्यंतचे अंतर जवळजवळ 184 अंश भरते. हा चार अंशांचा फरक कुणाच्या माथी मारायचा?

मला रेवतीपक्षाचे एक म्हणणे वाटते त्याहून बळकट दिसते. ब्रह्मगुप्ताने रेवतीला शून्यावर आणि चित्रेला 183 अंशांवर ठेवले आहे. हे जुने अंक ध्रुवक, म्हणजे ध्रुवाच्या रोखाने मोजलेले, आहेत; आजच्या भोगांशी, म्हणजे क्रांतिवृत्तावरच्या अंशांशी, ते थेट ताडता येत नाहीत हे मान्य. तरीही 183 हा आकडा खऱ्या आकाशाच्या इतका जवळ येतो की ज्याने तो लिहिला त्याने, किंवा त्याच्या गुरूने, ही अंधुक तारा प्रत्यक्ष पाहिली असावी असेच मी धरतो. यावर चित्रापक्षाचे उत्तर तयार असते: रेवतीच्या 32 तारांच्या मृदंगातली नेमकी कोणती तारा जुन्यांना अभिप्रेत होती हे कशावरून? आक्षेप बिनतोड आहे. त्या पुंजात झीटाला विशेष असे काही नाही, एवढेच की ती क्रांतिवृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. लहान दुर्बिणीतून पाहिले तर आणखी गंमत: ती एक तारा नाहीच, 23 विकलांच्या अंतरावर दोन आहेत. वादाला अर्थात याने बाधा येत नाही. चार अंशांच्या विकला 14,400 होतात. त्यात 23 कुठल्या कुठे जातात.

हे सगळे किरकोळ वाटत असेल तर त्याचा परिणाम पाहा. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. रेवती धरणाऱ्या टिळक पंचांगात सगळ्या संक्रांती सुमारे चार दिवस आधी येतात, आणि ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक, या नियमामुळे अधिक महिनाही कधी कधी वेगळा निघतो. अशा वर्षी टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतो. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघून याच विश्रांतवाडीच्या रस्त्याने पुण्यात येते. अधिक महिना कुठे धरायचा यावर तिची इंग्रजी तारीख ठरते. 1904 मध्ये मुंबई, 1917 मध्ये पुणे, 1920 मध्ये सांगली अशा पंचांग परिषदा भरल्या त्या उगाच नाहीत. सणवार ज्यावर अवलंबून आहेत तो प्रश्न घराघरात शिरतो, आणि तो पोथीने सुटत नाही म्हटल्यावर मान वर करावीच लागते. वकील, मास्तर, कारकून असल्या माणसांनी रात्री नक्षत्रे ओळखायला शिकण्याचे त्या काळी याहून सबळ कारण मला दिसत नाही.

इथे शंकर बाळकृष्ण दीक्षित आडवे येतात. 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ लिहिणारे दीक्षित सायनवादी होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते संपातापासूनच वर्ष मोजावे या मताचे. सायनवाद्याला योगतारेची गरजच नाही. मग वादातून आकाशदर्शन निघाले असेल तर या माणसाने तारांवर इतके परिश्रम का केले? एकेका नक्षत्राची योगतारा कोणती, कुणी कोणती मानली, आपल्याला कोणती पटते, हे सारे ते तपासत बसले. शिवाय ज्याला तारे ओळखण्यापलीकडे काही सिद्ध करायचे नाही अशा वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, रात्रीची घटकाभर मौज म्हणून. मला हा आक्षेप माझ्याच पथ्यावर पडतो असे वाटते. भांडणासाठी उचललेली नजर भांडणातला आपला पक्ष सोडूनही वरच राहिली, तर तिला हौस म्हणायचे नाही तर काय? केतकरांचेही तेच, ‘ज्योतिर्गणित’ लिहून भागले नाही, ‘नक्षत्रविज्ञान’ लिहावे लागले.

आता प्रतिपक्ष. पुण्याच्या आकाशदर्शनाचा उगम सायन्स कॉलेजातल्या महाराज तख्तसिंगजी वेधशाळेत शोधणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा पुरावा डोळ्यांत भरणारा आहे. भावनगरच्या महाराजांनी 1882 मध्ये 5,000 रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली, आणि कावसजी दादाभाई नायगमवालांनी डब्लिनच्या ग्रबकडून 20 इंची परावर्ती दुर्बीण आणवली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. तिकडे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही आले होते. काम अव्वल दर्जाचे होते यात शंका नाही. पण ते वर्णपटांचे काम, त्याचे अहवाल इंग्रजीत, आणि सगळा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. मोठी दुर्बीण गावात आली म्हणून गावाला आकाशाची गोडी लागते, हा समज निदान पुण्याने खोटा ठरवला. दुर्बीण गेल्यावर 32 वर्षांनी जी संस्था निघाली तिला त्या दुर्बिणीचे अपत्य म्हणायला फार ताणावे लागते.

त्यापेक्षा मी ज्योतिर्विद्या परिसंस्थेची नाळ पंचांग परिषदांशी जोडतो. सांगलीची परिषद झाली त्याच वर्षी टिळक वारले, आणि वादातली धग ओसरत गेली. पण परिषदांत आणि वर्तमानपत्रांत अयनांशाचे, म्हणजे संपात किती सरकला याचे, हिशेब वाचत वाढलेली मुले 1944 साली चाळिशी-पन्नाशीत होती. नेमकी संस्था काढण्याचे वय. कुळाची आणखी एक खूण आजच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमातही सापडते. कंदिलाला किंवा बॅटरीला लाल कागद गुंडाळून मंडळी माळावर जमली की मराठी मार्गदर्शक पहिल्या तासात ग्रीक अक्षरे काढत बसत नाही. कृत्तिका, रोहिणी, मृग अशी सत्तावीस नक्षत्रांची साखळी पुढे करतो, आणि चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी का असतो हे सांगतो. वेधशाळेतून आलेल्या परंपरेने हा क्रम घेतला नसता.

पंचांगवाले आणि हौशी खगोलवाले यांची सोयरीक फार ओढूनताणून लावली, असे अजूनही कुणाला वाटत असेल तर त्याने केतकरांचा 1911 चा लेख पाहावा. शाळाखात्यात मास्तरकी करणाऱ्या, बागलकोट-विजापूरकडे राहणाऱ्या या पंचांगकाराने नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचे गणित मांडले आणि ते छापले फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या मुखपत्रात. हे मंडळ कामीय फ्लामारियाँने 1887 मध्ये मुद्दाम हौशी लोकांसाठी काढलेले. म्हणजे पुण्यातल्या हौशी संस्थेच्या 33 वर्षे आधी चित्रापक्षाचा पुढारी युरोपातल्या हौशी मंडळींच्या पंगतीला बसून आला होता. त्याने सांगितलेल्या एका ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या 38.95 पट आणि फेरा 242 वर्षांचा. 1930 मध्ये, केतकर वारले त्याच वर्षी, प्लूटो सापडला तो 39.5 पट अंतरावर, 248 वर्षांच्या फेऱ्याचा. यावरून केतकरांनी प्लूटो शोधला म्हणणारे अधूनमधून भेटतात, आणि त्यांना आवरायला हवे. प्लूटो इतका हलका आहे की त्याच्या ओढीने दुसऱ्या ग्रहांच्या चालीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. केतकरांची रीतही ओढीची नव्हती, ग्रहांच्या फेऱ्यांतल्या प्रमाणांची होती. आकडे जुळले हा योगायोग. लेख त्या मुखपत्रात छापला गेला, हा मात्र योगायोग नव्हे.