शेजारचा विस्तव

काड्यापेटी नव्हती तेव्हा चूल पेटत तरी कशी असे, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला सांगावे : शेजारणीकडून. खेडेगावात पहाटे ज्या घरचा धूर आधी दिसे, त्या घराकडे चार बायका जळती शेणी आणायला निघत. रात्री निजताना चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवायचा आणि सकाळी तो उकरून फुंकायचा, हा रिवाज घरोघर होता. पण राखेने दगा दिला की खापरीचा तुकडा घेऊन शेजारी जावे लागे. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या अंबरनाथच्या काड्या पुढे खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचल्या. तरी आमच्या आजीसारख्या बायका त्या जपून वापरीत. पेटी फडताळात असे, आणि विस्तव मात्र शेजारचाच येई. पैशाची काटकसर हे त्याचे एक कारण झाले. दुसरे असे की विस्तव आणायला गेल्याशिवाय शेजारच्या सुनेचे माहेराहून पत्र आले की नाही, म्हैस व्याली की नाही, हे कळायचे कसे?

आमचे गाव पुणे जिल्ह्यातले, नीरेच्या अलीकडचे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, त्या पाण्याचा थेंबही आमच्या वाट्याला आला नाही. बाजरी, ज्वारी आणि आभाळ यांवर शंभर-सव्वाशे उंबरे जगत. अशा गावात उसनवारी ही लाजेची गोष्ट नव्हती. पीठ, मीठ, विरजण, बी-बियाणे, लग्नातली पातेली, फार काय, पाव्हण्यांसमोर नेसायचे लुगडेसुद्धा उसने येई. त्याचे कायदे कोठे लिहिलेले नव्हते, पण ते पाळण्यात कसूर होत नसे. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर मीठ, विरजण आणि विस्तव घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. पीठ ज्या मापाने नेले त्याच मापाने फेडायचे, पण ते थोडे दाबून भरायचे. शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही; काही नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. दिवाळीत तर फडक्याखाली झाकलेली ताटे या आळीतून त्या आळीत इतकी फिरत की आपलीच करंजी तिसऱ्या घरून परत आल्याची ओळख तिच्या मुरडीवरून पटे. एका काकूंच्या अनारशांना जाळी पडत नसे. ते कोणी बोलून दाखवीत नसे, आणि आपल्या ताटातून ते आपल्याच मुलांना कोणी वाढीतही नसे.

शेतातही हाच व्यवहार होता. दोन घरांनी एकमेकांच्या शेतात बैल आणि माणसे आळीपाळीने न्यायची याला वारंगुळा म्हणत. एकाची नांगरट मागे पडली की गावाने औते घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, आणि त्याने संध्याकाळी सर्वांना जेवू घालायचे, हे इर्जिक. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली बेळगावला तयार झाला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत. तो समज हळूहळू गेला आणि नांगर गावोगाव आला. तो रोख पैशाने विकत मिळे, म्हणून लाकडी नांगर भरून देणाऱ्या सुताराचे महत्त्व त्याने कमी केले. पण काळ्या जमिनीत तो खोल घालायचा तर सहा-आठ बैल जुंपावे लागत. आमच्या गावात कोणाच्याच दावणीला आठ बैल नव्हते. म्हणजे ज्या यंत्राने एक जुने नाते सैल केले, त्यानेच शेजाऱ्याची गरज वाढवली. यंत्र आले आणि माणूस एकटा पडला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सुताराचे नाते सैल झाले म्हणजे काय, हे समजण्यासाठी बलुत्याची रीत ठाऊक हवी. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, महार, मांग अशा बारा बलुतेदारांनी वर्षभर कुणब्याचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बलुत्या-अलुत्यांची यादी दिली आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत. कोण कोणत्या ओळीत बसतो हे मात्र गावागणिक बदले. कामाला दर नसे. न्हाव्याने किती डोकी केली हे कोणी मोजीत नसे, आणि पाऊस बुडाला तर न्हाव्याचाही वाटा बुडे. सुकाळात सर्वांचे भागे. दुष्काळात आधी कुणबी आपली कणगी बघे, आणि मग राहील ते बाकीच्यांचे.

या व्यवस्थेवर त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले. इतके बारीक डोळे असलेला लेखक आपल्याकडे विरळा. फिरस्ते, भिक्षेकरी, फुकटे यांचा कुणब्यावर पडणारा बोजा त्यांनी काडीकाडीने मोजला आहे. पण गाड्यात बसून दिसणारे गाव वेगळे आणि जोखडाखालून दिसणारे वेगळे. बलुते या शब्दाची दुसरी बाजू मराठी वाचकांपुढे ठळकपणे यायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दया पवारांचे 'बलुतं' आले. ही दोन्ही पुस्तके एका फळीवर शेजारी ठेवावीत असे मला वाटते.

कारण आमचा शेजार जेथे संपे ती रेघ विस्तवाचीच होती. गावात सर्वांना नाती होती. सुतार तो सुतारमामा, परटीण ती मावशी, लोहार तो तात्या. न्हावीदादांना एकेरी हाक मारली म्हणून माझ्या भावाने आजोबांची चपराक खाल्लेली मी पाहिली आहे. पण महारवाड्यातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला मात्र सात वर्षांचे पोर नुसत्या नावाने हाक मारी आणि तो त्याला जोहार घाली, तेव्हा त्या चपराकीची कोणाला आठवण होत नसे. महारवाड्यात आमच्या घरचा विस्तव जात नव्हता. दिवाळीचे फराळ जाई, तेही वरून पदरात टाकलेले. आणि ते ताट परत येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ताट दिलेलेच नसे.

आणि कामे कोणती? सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, चावडीवर राबणे, शिवेच्या खुणा सांगणे, मेलेले जनावर ओढणे, वेशीची राखण करणे, आणि कोणाच्या घरी माणूस गेले की दहा कोसांवरच्या सोयऱ्यांना सांगावा नेणे. आमच्या पणजोबांच्या मृत्यूची बातमी ज्याने भर पावसात घोडनदी ओलांडून पोचवली, त्याला ज्या घरी बातमी सांगितली त्या घराच्या ओसरीवरही बसता आले नाही. हे आजीने आम्हांला सांगितले ते पराक्रमाची गोष्ट म्हणून. तिच्या आवाजात कौतुक होते, अपराध नव्हता.

वतन म्हणजे मान, असे गावाला वाटे. डॉ. आंबेडकरांना ते बेडी वाटले. चाकरी सरकारने घ्यायची आणि पोट मात्र रयतेच्या मर्जीवर सोडायचे, ही त्यातली मेख त्यांनी ओळखली, आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा तडीस गेले नाही. आदल्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले, आणि त्याचा आवाज आमच्या गावात पोचला तो एका मेलेल्या बैलाच्या रूपाने. बैल पाटलाच्या गोठ्यात दोन दिवस पडून राहिला. तो ओढायला कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या मुलांनीच नाकाला फडकी बांधून तो गाडीत घातला. गावात पुष्कळ बोलणी झाली, बहिष्काराची भाषाही झाली. आजी तेवढी म्हणाली, "बैल त्यांचा, मग ओढायचा कुणी?" हे ती सहज बोलली की मनातले बोलली, ते मला अजून उमगलेले नाही.

१९५८ साली कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा झाला आणि १९५९ च्या ऑगस्टपासून तो अंमलात आला. महारकीच्या चाकरीतून माणसे मोकळी झाली. येसकराची संध्याकाळची भाकरी थांबली, तशीच त्याची हाकही थांबली. त्या साली दिवाळीत महारवाड्यातून पोस्त मागायला कोणी आले नाही. आमच्या काकूंनी सवयीने करंज्यांचा वाटा काढून ठेवला होता, तो भाऊबीजेपर्यंत तसाच फडताळात राहिला. तो ताटात घालून, वर फडके झाकून, इतर घरी नेतात तसा तिकडे न्यावा, असे घरात कोणाला सुचले नाही. किंवा सुचले असेल तर कोणी बोलले नाही.

पुढल्या सुगीला खळ्यावर बलुत्याच्या पाट्या भरल्या त्या चारच : न्हाव्याची, लोहाराची, गुरवाची आणि परटिणीची. सुतारमामा पुण्याला एका कारखान्यात दारे-खिडक्या करायला गेले होते. महारवाड्यातल्या त्या म्हाताऱ्याचा नातू त्या वर्षी तालुक्याच्या शाळेत सातवीला बसला. वाटेने जाताना तो आजोबांना भेटला, तेव्हा त्याने जोहार घातला नाही. "जयभीम," म्हणाला. आजोबा क्षणभर थांबले, मग त्यांनी "कुठवर आलं शिक्षण?" असे विचारले, आणि दोघे बोलत बोलत ओढ्यापर्यंत गेले.