जमिनीच्या खरेदीखताचा शोध आणि त्याची नोंद

ग्रामीण भागात 'सातबारा नावावर आहे' म्हणजे जमीन मालकीची झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः सातबारा हा महसुली अभिलेख होय. मालकी हस्तांतरित करणारा दस्त तो नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी-विक्री नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, तो सारा आकारणीपुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तथापि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे दस्त एकाच्या हाती आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे अशी अवस्था राहिली, की वर्षानुवर्षांच्या वादाला तोंड फुटते.

या घोळाचे मूळ कारभाराच्या रचनेत आहे. खरेदीखत नोंदवतो तो दुय्यम निबंधक. सातबारा व फेरफार ठेवतो तो तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे. मोजणी आणि नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. एकाच जमिनीची हकीकत अशी तीन दप्तरांत विखुरलेली असते, आणि शोध घेणाऱ्यास तिन्ही उंबरे झिजवावे लागतात.

शोधाचा आरंभ सातबाऱ्यावरूनच करावा हे सोयीचे. प्रत्येक खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक दिलेला असतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला दिसतो. त्या क्रमांकाची गाव नमुना ६ मधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील, नक्कल काढली की नाव कोणत्या कारणाने आले ते कळते. तेथून मागचा फेरफार, त्यामागचा आणखी एक, असा धागा धरून मागे जाता येते. तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्याहून जुनी कागदपत्रे मिळतात. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच काळातील अधिकार अभिलेख हे त्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. पश्चिम महाराष्ट्रातील जुने कागद बहुधा मोडी लिपीत असल्याने जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

फेरफार वाचताना शब्दांकडे बारकाईने पाहावे. 'खरेदी' व 'मुदत खरेदी' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुदत खरेदीत ठरलेल्या काळात रक्कम परत केल्यास जमीन परत मिळण्याची अट असते. पुष्कळदा ते सशर्त विक्रीच्या रूपातील गहाणच असते. 'वर्दीवरून नोंद' असा उल्लेख असेल तर मागे नोंदणीकृत दस्त आहे काय, याची विशेष चौकशी करावी. वारस नोंदीत बहिणींची नावे गाळलेली आढळणे तर नित्याचेच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. नाव गाळल्याने तो हक्क जात नाही आणि केवळ तोंडी संमतीने सुटतही नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तीन भावांकडून घेतलेल्या जमिनीवर चौथ्या वारसाचा, म्हणजे सासरी गेलेल्या बहिणीचा, दावा उभा राहतो तो यामुळे. तो दावा अन्याय्य नसतो. खरेदीदाराने आधी वंशावळ पाहिलेली नसते, इतकेच.

सर्वांत अधिक गोंधळ क्रमांकांचा होतो. तुकडेबंदी व तुकडेजोड अधिनियम, १९४७ खाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर जाऊन गट क्रमांक आले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबाऱ्यावर त्याचा मागमूसही नसतो. त्याच आकड्याचा गट मात्र गावच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. आकडा जुळला म्हणून जमीन तीच असे मानणाऱ्यांची फसगत होते. एकत्रीकरण योजनेच्या पत्रकावरून जुना क्रमांक कोणत्या गटात गेला ते पडताळावे, आणि दस्तातील चतुःसीमा गटाच्या नकाशाशी जुळतात का, हेही पाहावे. चतुःसीमेत ओढा, गाडीवाट वा शिवेचा दगड असेल तर शेजाऱ्यांच्या नावांपेक्षा तो आधार अधिक टिकाऊ; शेजारी बदलतात.

प्रत्यक्ष दस्ताचा शोध दुय्यम निबंधकाकडे घ्यावयाचा असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात. त्याच्या सूची क्रमांक १ मध्ये पक्षकारांची नावे आणि सूची क्रमांक २ मध्ये मिळकतीचा तपशील असतो. 'इंडेक्स टू' म्हणून खेड्यापाड्यांतही परिचित झालेला उतारा तो हाच. कलम ५७ खाली कोणतीही व्यक्ती शुल्क भरून हे पुस्तक व सूची पाहू शकते आणि नक्कल मागू शकते. आपला संबंध काय, असे विचारून परत पाठवले जात असेल तर या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. मृत्युपत्रांचे पुस्तक क्रमांक ३ मात्र असे सर्वांना खुले नाही. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत साधारण २००२ नंतरच्या सूची संगणकावर शोधता येतात. त्याआधीच्या वह्या वर्षागणिक हातानेच चाळाव्या लागतात. बँका व वकील सहसा तीस वर्षांचा शोध अहवाल मागतात. तालुक्याचे वा जिल्ह्याचे विभाजन झालेले असेल, तर जुन्या वह्या मूळ कार्यालयातच राहिल्या आहेत काय, हे आधी विचारून घेतल्यास एक हेलपाटा वाचतो.

गावठाणातील घराला सातबारा नसतो. नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका मिळते. ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा हा कर आकारणीचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली.

नवीन दस्त स्वाक्षरीपासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावा लागतो. पुढील चार महिन्यांपर्यंतचा विलंब दंड भरून क्षमापित होऊ शकतो. नोंदणी झाल्यावर दुय्यम निबंधकाकडून महसूल यंत्रणेला सूचना जाते. त्यामुळे नोंदणीकृत दस्त असणाऱ्यास स्वतंत्र वर्दी देण्याची सक्ती नाही. इतरांनी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळवणे बंधनकारक आहे. तरीही आपला फेरफार आपोआप होईल या भरवशावर राहणे धोक्याचे. मूळ मालकाचे नाव सातबाऱ्यावर तसेच राहिले, की त्याच जमिनीवर कर्ज काढले जाते, क्वचित ती दुसऱ्यासही विकली जाते. आधीचे खरेदीखत कायद्याने वरचढ ठरते खरे; परंतु ते न्यायालयात ठरेपर्यंत उमेदीची वर्षे निघून जातात.

तलाठी फेरफार वहीत नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो आणि हितसंबंधितांस कळवतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद नामंजूर झाली किंवा आपल्याविरुद्ध प्रमाणित झाली, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते. केवळ लेखनदोष असेल, म्हणजे नावातील अक्षर वा क्षेत्रातील आकडा चुकला असेल, तर अपिलाऐवजी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. अर्जासोबत मूळ फेरफाराची नक्कल जोडलेली असावी.